पाऊस कमी सांगायचा असतो

पाऊस एकच असला तरी इंग्रजीत तो सांगायचे चार-पाच प्रकार आहेत. पडतो, पडतोय, पडत होता, सकाळपासून पडत आलाय, पडून गेलाय. हे सगळे प्रकार मी माझ्या नवऱ्याला शिकवले. नीट शिकवले, घोटून घेतले, आणि त्याचं फळ असं मिळालं की चांगला बोलका माणूस गप्प झाला. मी इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली आहे. त्या पदवीचा मी आयुष्यात एवढाच एक उपयोग केला.

माझं माहेर दौंडचं. वडील मूळचे वरवंडचे, शेतकऱ्याच्या घरातले, पण रेल्वेत गार्ड म्हणून लागले आणि आम्ही क्वार्टरमध्ये वाढलो. दौंडला पाऊस फारसा दिसत नाही, त्याचं पाणी तेवढं दिसतं. भर उन्हात भीमा फुगायची, लोक पुलावर उभे राहून बघायचे आणि म्हणायचे, वर चालूय. आमच्यावर एक थेंब नसायचा. त्यामुळे पाऊस ही दुसऱ्यांकडे घडणारी गोष्ट असते, अशीच माझी लहानपणी समजूत होती.

लग्न होऊन मी तळेगाव ढमढेऱ्याला आले. म्हणजे गावात नाही, गावापुढे ओढा ओलांडून एक वस्ती आहे, तिथे. घरात सासूबाई आणि आम्ही दोघं. हे सणसवाडीच्या एका कारखान्यात कंत्राटी कामगार होते. सात महिने काम, मग ब्रेक, मग बोलावलं तर पुन्हा सात महिने. ब्रेक हा इंग्रजी शब्द आमच्या वस्तीवर शेंबड्या पोरालाही कळायचा. दर वेळी ब्रेक लागला की हे दोन दिवस थट्टामस्करी करायचे, तिसऱ्या दिवशी दाढी करायचं सोडून द्यायचे. कायम व्हायचं, एवढंच त्यांना हवं होतं. दुसरं काही त्या माणसाने कधी मागितलं नाही.

लग्नाच्या पहिल्या वर्षातली गोष्ट. सासूबाईंचे मावसभाऊ आले होते, शिरूरच्या पलीकडच्या कोरड्या भागातून. टेकता टेकता त्यांनी विचारलं, "पाऊसपानी काय म्हंतंय?" मी चहा देत होते. म्हटलं, "परवा खूप झाला, मामा. विहिरीला पाणी आलं."

सासूबाईंनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी पाहुण्यासमोर कप फोडला. "कसला खूप!" त्या घाईने म्हणाल्या. "जरा शिपडून गेला. धूळ बसली म्हना."

"ब्येस झालं की मग," मामा म्हणाले आणि विहिरीकडे न बघता चहा प्यायले.

पाहुणे गेल्यावर मी ह्यांना विचारलं, माझं काय चुकलं? हे हसायला लागले. म्हणाले, "अगं, पाऊस कमी सांगायचा असतो. समोरच्याचं रान वाळलेलं असंल, त्याच्या तोंडावर आपला पाऊस मोजू न्हाई. आन् बोलून दाखवला का त्याला दिष्ट लागती."

"मग समोरच्याला खरं कळणार कसं?"

"कळतं की. धूळ बसली म्हनलं का समजायचं, रान भिजलं. थोडा झाला म्हनलं का समजायचं, ओढ्याला पानी आलं. आन् कोन म्हनलं, लई झाला, तर समजायचं, येडं हाय."

त्यांचं ते सांगणं मला फार आवडलं होतं. असं हसतखेळत कुणी मला आधी काही शिकवलं नव्हतं. मग मीही शिकले. पाहुण्यांनी विचारलं की म्हणायचे, "आहे आपला जरासा." आणि समोरचा समजून मान हलवायचा.

पुढे कारखान्यात एक परदेशी साहेब आले. उंच, शांत, कुणावर न ओरडणारे. सकाळी लाइनवरून चक्कर मारताना ते प्रत्येकाशी हवेबद्दल बोलायचे. आज उकडतंय, आज ढग आलेत, तुमच्याकडे पाऊस कधी सुरू होतो? कामगार नुसते येस सर म्हणून मोकळे व्हायचे. ह्यांच्या लाइनचा सुपरवायझर थोड्याच दिवसांत रिटायर होणार होता, आणि साहेबांना त्या जागेवर असा माणूस हवा होता, ज्याच्याशी मध्ये कुणाला न घालता बोलता येईल. सुपरवायझर म्हणजे कायम. म्हणजे ब्रेक नाही. ही बातमी ज्या दिवशी आली, त्या संध्याकाळी हे डबा न ठेवताच माझ्यासमोर येऊन बसले. म्हणाले, "मला हवा बोलायला शिकव."

ती कोरडी वर्षं होती. वस्तीवर टँकर यायचा, सासूबाई हंडे घेऊन रांगेत असायच्या, आणि आम्ही नवराबायको ओट्यावर बसून पाऊस पाडायचो. मी लसूण सोलता सोलता म्हणायचे, "बोला, पाऊस पडतोय." हे म्हणायचे, "रेन इज कमिंग."

"तसं नाही. त्याचा अर्थ येऊ घातलाय असा होतो. इट इज रेनिंग म्हणा."

"हे इट कोन?"

"कुणी नाही."

"मग पाडतंय कोन?"

"कुणीच पाडत नाही. वाक्याला कर्ता लागतो म्हणून ठेवलाय."

"नुसता ठेवलाय?" ह्यांना हे फार दिवस पटलं नाही. आपल्याकडे पाऊस येतो, पडतो, दडी मारतो, झोडपतो. सगळं तोच करतो. इंग्रजीत सगळं काम त्या इटच्या नावावर, आणि तो कोण ते कुणालाच ठाऊक नाही. "कंत्राटदारासारखं हाय म्हंजी," हे म्हणाले, आणि मला हसू आवरेना.

खरी अडचण पुढे होती. आत्ता पडतोय आणि मघापासून पडत आलाय, यात ह्यांना फरक दिसेना. मी म्हटलं, "खिडकीतून बघितलं आणि सांगितलं, तर इट इज रेनिंग. पण रस्ते भिजलेत, कपडे वाळत नाहीत, तुम्ही कंटाळलात, आणि तो चालूच आहे, तर इट हॅज बीन रेनिंग. पहिल्यात नुसता पाऊस असतो. दुसऱ्यात तुम्हीही त्या पावसात असता."

हे म्हणाले, "म्हंजी पाऊस धरलाय."

"हो, तेच."

"मग असं सांग की आधी!" आणि त्यांना ते कायमचं समजलं. मी कॉलेजमध्ये तीन वर्षं घालवली, पण हॅज बीनला धरलाय हा शब्द मला कुणी सांगितला नव्हता.

त्यांना सगळ्यात आवडायचं ते मात्र नकाराचं वाक्य, कारण ते खरं होतं. त्यातही दोन प्रकार निघाले. इट हॅज नॉट बीन रेनिंग म्हटलं की दोन-चार दिवसांची बात वाटते, म्हणजे सध्या उघडीप आहे. इट हॅज नॉट रेन्ड म्हटलं की झालंच नाही, मुळात आलाच नाही. हे टँकरकडे बघून दुसरं वाक्य म्हणायचे. एकदा साहेबांनी लाइनवर काहीतरी विचारलं आणि ह्यांनी तेच वाक्य त्यांना सांगितलं. साहेब थांबले, खांद्यावर हात ठेवला, आणि कुठलं गाव, शेती आहे का, घरात कोण, असं सगळं विचारलं. त्या दिवसापासून साहेब ह्यांना शोधून बोलायचे. लाइनवरचे लोक ह्यांना वेदर साहेब म्हणू लागले. चिडवायचे, पण त्या चिडवण्यात मान होता. सुपरवायझरची जागा ह्यांचीच, असं सगळे धरून चालले होते. मीसुद्धा. सासूबाईंनी तर शेजारणीला सांगूनही टाकलं, अर्थात कमी करून. म्हणाल्या, "बघू, काय तरी करतोय आपला."

पुढच्या वर्षी पाऊस आला. जूनपासून बराच होता, आणि मग परतीचा जो आला, त्याने सगळं भरून काढलं. त्या दिवशी सकाळपासून असा कोसळत होता की पत्र्याखाली एकमेकांचं बोलणं ऐकू येत नव्हतं. ह्यांची दुसरी पाळी होती. युरियाच्या गोणीची खोळ डोक्यावर घेऊन हे दुपारी मोटारसायकलवर निघाले. ओढ्याचं पाणी फरशीला, म्हणजे ओढ्यावरच्या बुटक्या पुलाला, टेकलं होतं. मी ओट्यावरून बघत होते. हे पलीकडे गेले, हात केला आणि दिसेनासे झाले.

दुपारी चार वाजायच्या सुमाराला फोन वाजला. आमच्याकडे तेव्हा नुकताच फोन आला होता. कारखान्यातल्या नाण्याच्या डब्यावरून हे बोलत होते, आणि आवाज असा होता की मला आधी वाटलं, कायमची ऑर्डरच हातात पडली.

"बोललो!" हे म्हणाले. "साहेब गेटवर उभं व्हतं. मला म्हनलं, हॅज इट बीन रेनिंग ॲट युवर साइड? हॅज बीन! मी बी तसंच सांगितलं. येस सर, इट हॅज बीन रेनिंग सिन्स मॉर्निंग. बट ओन्ली अ लिटिल, सर."

मी म्हटलं, "सिन्स! शाबास! अ लिटिलचा अ सुद्धा घातला?"

"घातला," हे म्हणाले. "बराबर हाय ना?"

"बिनचूक आहे."

खरोखरच बिनचूक होतं. त्या वाक्याला मी आजही पैकीच्या पैकी गुण देईन. आम्ही दोघं फोनवर हसत होतो, माझ्या डोक्यावर पत्रा फुटेल इतका पाऊस वाजत होता, आणि ते वाक्य आम्हा दोघांनाही पूर्ण खरं वाटत होतं. थोडा, म्हणजे ओढ्याला पाणी आलंय. यात न समजण्यासारखं काय होतं?

साहेब गेटवर गप्पा मारायला उभे नव्हते. पहिल्या पाळीच्या कामगारांची बस आमच्या बाजूच्या वस्त्यांकडे सोडायची की थांबवायची, हे त्यांना ठरवायचं होतं. एरवी ते टाइम ऑफिसमधला आमच्याच भागातला माणूस ठरवायचा. तो त्या दिवशी रजेवर होता. मग साहेबांनी विचार केला असणार की आपला विश्वासाचा एक माणूस तिकडूनच येतोय, इंग्रजी बोलतो, त्यालाच विचारू. ह्यांनी खोळ गेटवर काढून ठेवली होती, अंग बऱ्यापैकी कोरडं होतं. साहेबांना थोडा पाऊस म्हणजे थोडा पाऊस वाटला. बस सुटली.

दिवस मावळताना ओढ्याकडून आरडाओरडा ऐकू आला. मी आणि सासूबाई ओट्यावरून बघत राहिलो. बस फरशीच्या मधोमध तिरकी उभी होती आणि माणसं टपावर चढत होती. वस्तीवरच्या लोकांनी दोन ट्रॅक्टर नेले, जाड नाडे टाकले, एकेकाला बाहेर ओढलं. माणसं सगळी वाचली. बस ओढताना कलंडली आणि ड्रायव्हरचा पाय तिच्याखाली आला. तो पाय पुन्हा सरळ झाला नाही.

मला तेव्हासुद्धा काही उमगलं नव्हतं. बस कुणी सोडली असेल या पावसात, अक्कल आहे की नाही, असं मी सासूबाईंना बोलूनही दाखवलं.

हे दुसऱ्या दिवशी सकाळी आले, ओढा उतरल्यावर. चप्पल न काढता ओट्यावर बसले. पाणी दिलं ते हातातच धरून राहिले.

"साहेबांनी बोलावलं व्हतं," हे म्हणाले. "म्हनलं, यू सेड अ लिटिल. मी म्हनलं, येस सर. म्हनलं, बट यू केम थ्रू इट. मी म्हनलं, येस सर. मग म्हनलं, व्हाय?"

"मग?"

"मग काय. उभा राहिलो. साहेब बी उभं. रागवलं न्हाईत. नुसतं थांबलं, मी काय तरी बोलंन म्हनून." मग हे माझ्याकडे वळले. "तू इतकी शिकलीयास. त्या व्हायला काय सांगायचं व्हतं?"

मी शोधलं. त्या सकाळी शोधलं, चुलीपुढे शोधलं, पुढे कित्येक दिवस शोधत राहिले. आमच्याकडे पाऊस कमी सांगतात, हे इंग्रजीत सांगता येतं. सोपं वाक्य आहे, पाचवीतल्या मुलालाही जमेल. पण ते वाक्य त्या साहेबांपुढे, त्या ड्रायव्हरच्या पायानंतर, उच्चारून बघा. ते शुद्ध आहे आणि त्याला काही अर्थ नाही. मराठीतही सांगता येत नाही खरं तर. आपल्या माणसाला सांगावं लागत नाही आणि परक्याला सांगून कळत नाही. ते सांगायला मला कधीच शब्द सापडले नाहीत, आणि आता सापडून करायचं काय?

हे त्या ड्रायव्हरला बघायला दवाखान्यात गेले होते. तो आमच्याच बाजूचा माणूस. ह्यांना वाटलं, शिव्या घालील. तो शिव्या घालता तर बरं झालं असतं. तो म्हणाला, "तू थोडा म्हनलास, ते मला तरी कळू द्यायचं. मी बस काढलीच नसती." एवढंच म्हणाला आणि भिंतीकडे तोंड केलं. घरी येऊन ह्यांनी मला हे एकदाच सांगितलं.

सुपरवायझरची जागा दुसऱ्याला गेली. ह्यांचे सात महिने भरले, ब्रेक लागला, आणि तो संपलाच नाही. कुणी काढलं नाही, कुणी काही बोललं नाही, फक्त बोलावणं आलं नाही. वेदर साहेब हे नाव गावात पोचलं होतंच. चावडीपुढून जाताना कुणीतरी म्हणायचं, "काय साहेब, आज हवा कशी हाय?" पूर्वी अशा माणसाला ह्यांनी दोन शब्दांत गार केलं असतं. आता हे मान खाली घालून पुढे जायचे. मग हे एका गोदामावर वॉचमन म्हणून लागले. तिथे दिवसभर कुणाशी बोलावं लागत नाही. म्हणूनच ते काम त्यांनी धरलं, असं मला वाटतं.

घरातही त्यांचं बोलणं आटलं. सगळंच नाही, मीठ दे, दार लाव, एवढं बोलायचे. पण कुणी काही विचारलं की गप्प. किती वाजता येणार? बघू. ज्वारी कशी आहे? आईला इच्यार. पावसाबद्दल तर नाहीच. पाहुणे टेकता टेकता विचारायचे, पाऊसपानी काय म्हंतंय, आणि हे उठून गोठ्याकडे जायचे. सासूबाई मग घाईने म्हणायच्या, हाय आपला जरासा. त्या गेल्या, तेव्हा हे काम माझ्याकडे आलं.

मला राग येतो. साहेबांचा नाही, त्या माणसाने साधा प्रश्न विचारला होता. माझ्या पदवीचाही आता येत नाही, ती बिचारी काय करणार? कशाचा येतो तेच कळत नाही, आणि म्हणून तो जात नाही. आम्ही ओट्यावर बसून केवढी मेहनत केली होती. कोरड्या आभाळाखाली रोज पाऊस पाडला होता. एवढं करून एक माणूस कायम झाला असता तर कुणाचं काय बिघडलं असतं?

मागे असाच परतीचा पाऊस लागला होता. संध्याकाळची वेळ, पत्र्यावर धडधड चाललेली, आणि दौंडहून माझ्या वडिलांचा फोन आला. हे नुकतेच गोदामावरून आले होते, दारात उभे राहून बाहीचं पाणी पिळत होते.

"इकडं नदी लई चढलीय," वडील म्हणाले. रिटायर झाल्यापासून त्यांच्या बोलण्यात वरवंड परत आलं होतं. "तुमच्याकडं पाऊस हाय का?"

मला काय वाटलं कुणास ठाऊक, मी फोन ह्यांच्यापुढे धरला. म्हटलं, "आप्पा विचारतायत, पाऊस आहे का. सांगा की."

ह्यांनी फोनकडे बघितलं, बाहेर बघितलं. ओढ्याच्या बाजूला काही दिसत नव्हतं इतका पाऊस होता. "मला न्हाई ठाव," हे म्हणाले.

मी फोन कानाला लावला. काहीतरी बोलायचं म्हणून बोलले, "आहे, आप्पा. जरासा."

पलीकडे वडील एकदम सावध झाले. "लई दिसतोय मग. जावईबापू घरी आले ना? कुनाला ओढ्याकडं जाऊ देऊ नका. ठेव, दारं लावून घे."

मी फोन ठेवला. दार लावायला गेले तर हे अजून तिथेच उभे होते.

"काय म्हनलं?"

"म्हणाले, लई दिसतोय, ओढ्याकडे जाऊ नका."

"तू तर जरासा म्हनलीस," हे म्हणाले. मग बाहेर बघत, अगदी मनापासून विचारल्यासारखं त्यांनी विचारलं, "त्यांना कसं कळलं?"